पाठीमागचा डबा

वडील गेल्यानंतरच्या तिसऱ्या संध्याकाळी घरात नऊ टोप्या होत्या.

माणसं मोजू नयेत, असं आजी सांगायची, म्हणून थोरलीने टोप्या मोजल्या. एकदा सहज, एकदा पाणी देताना आणि एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. आठ पाहुण्यांच्या आणि एक धाकट्या भावाची. ज्यू रिवाजात दहा पुरुष जमल्याशिवाय मुलाला बापासाठी कद्दिश म्हणता येत नाही. मेलेल्या माणसासाठी म्हणायची ती प्रार्थना. ती एकट्याने म्हणायची सोयच नाही. नऊ पंडित बसले तरी अडतं आणि दहा उनाड जमले तरी भागतं.

धाकटा बुटक्या स्टुलावर बसला होता. गुडघे हनुवटीला टेकलेले, कॉलर रिवाजाप्रमाणे फाडलेली, मांडीवर पुस्तक उघडं. आई आतल्या खोलीत तशाच स्टुलावर. सुतकाच्या सात दिवसांत आरसे झाकायचे असतात. चष्म्याच्या दुकानात आरसे अकरा, आणि घर दुकानाच्याच मागे. चादरी पुरल्या नाहीत तेव्हा थोरलीने टेबलक्लॉथ काढले होते.

"काल सव्वीस जण होते," मास्तर म्हणाले. त्यांनी समाजातल्या तीन पिढ्यांना अक्षरं शिकवली होती आणि आता त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळंच मोठ्याने बोलत. "आज कुठे मेले सगळे?"

मग कुठे बसून काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली. धाकटा मान खाली घालून हसला. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

थोरलीला हसू आलं नाही. तिचे वडील साठ-सत्तर घरांच्या या समाजाचे बावीस वर्षं प्रमुख होते. लोक त्यांना चष्मेवाले म्हणत. कोणाच्याही घरी माणूस गेला की चष्मेवाले शटर अर्धं ओढून दहा जण गोळा करायला निघत. अंगात ताप असो, दुकानात गिऱ्हाईक असो. एकदा दहावा मिळेना, तेव्हा त्यांनी बेकरीवाल्याला न्हाव्याच्या खुर्चीतून उठवून आणला होता, अर्धी दाढी झालेला, गळ्यात फडकं तसंच. अख्खी प्रार्थना त्या माणसाने भिंतीकडे गाल करून म्हटली. आणि आज त्याच चष्मेवाल्यांच्या घरी एक टोपी कमी पडत होती.

तासाभराने तिने पायात कापडी सपाता घातल्या.

"ताई, सुतकात आपल्याला बाहेर जाता येत नाही," धाकटा म्हणाला.

"बाबांनाही तापात जाता येत नव्हतं," ती म्हणाली आणि गेली.

बेकरीवर बेकरीवाल्याची बायको होती. "ते तुमच्या मामांकडे गेलेत," ती म्हणाली. "मला वाटलं, तिथून सगळे तुमच्याकडेच..." पुढचं वाक्य तिने पीठ झाडत गिळून टाकलं.

मामांचं फर्निचरचं दुकान दोन गल्ल्या सोडून. आत पॉलिशचा वास कोंडलेला होता आणि सतरा जण विक्रीच्या सोफ्यांवर आणि खुर्च्यांवर बसले होते. गाद्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी हललं की चरचर व्हायची. ती दारात पोचली तेव्हा सतराही हात वर होते. तिला बघून ते एकेक करत खाली आले, वर्गात मास्तर आल्यावर येतात तसे.

"अगं बाळ, तू कशाला बाहेर पडलीस?" मामा पुढे आले. आईचे थोरले भाऊ. उंच, देखणे, आवाज खर्जातला. मयताच्या दिवशी सगळ्यात मोठ्याने तेच रडले होते.

"एक माणूस हवाय. नऊ जण तासभर बसलेत."

"एक काय, सगळेच येतो. एवढा ठराव लिहून झाला की निघालोच. समाज एक दिवससुद्धा पोरका राहू नये, म्हणून जरा..."

"कसला ठराव?"

सोफ्याचं प्लास्टिक तेवढं चरचरलं.

"माझ्यावर जबाबदारी टाकलीये यांनी," मामा म्हणाले. "मी नको नको म्हणत होतो."

बेकरीवाला अर्धा उठला. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हलकेच, आणि तो खाली बसला. "तुम्ही व्हा पुढे ताई," तो म्हणाला. "मी आलोच."

ती पुढे झाली. मागे कोणी आलं नाही. ठराव लिहिला गेला, मग चहा आला, मग छपराच्या दुरुस्तीचा विषय निघाला. सतरांतल्या प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी गेला असेल. चष्मेवाल्यांकडे वाट बघून बघून एक जण कारखान्याच्या पाळीला गेला, दोन म्हाताऱ्यांना त्यांच्या सुना घेऊन गेल्या, बाकीचेही एकेक करून उठले. बेकरीवाला आला तेव्हा मास्तर आणि धाकटा दोघेच समोरासमोर बसले होते.

"झालं का?" त्याने दारातूनच विचारलं.

धाकट्याने पुस्तक मिटलं. "नाही झालं."

त्या क्षणापासून थोरलीला रडू यायचं थांबलं. रडण्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं आणि ते हलायचं नाव घेईना.

*

पुढाऱ्याबद्दल त्या लोकांत एक फार जुनी शिकवण आहे. ज्याच्या पाठीमागे सरपटणाऱ्या किड्यांची पेटी, म्हणजे मागची एखादी लाज, लटकत नाही, अशा माणसाला समाजावर नेमू नये, असं त्यांचे ज्ञानी लोक शेकडो वर्षांपूर्वी सांगून गेले. म्हणजे उद्या तो चढेल झाला, तर त्याला सांगता येतं की बाबा रे, जरा मागे वळून बघ. इतर ठिकाणी लोक हे ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जेवायला जातात. इथल्या कोणा खापरपणजोबाने मात्र ते शब्दशः धरलं. प्रार्थनाघरात प्रमुखाच्या खुर्चीमागे खिळा ठोकून त्याने पत्र्याचा डबा टांगला.

डब्यात किडे नसत, कागद असे. जो प्रमुख होणार त्याने समाजातल्या कोणाचं तरी आपण काय वाईट केलं, ते स्वतःच्या हाताने लिहायचं. ज्याचं वाईट झालं त्याने ते सगळ्यांसमोर वाचायचं. मग कागद डब्यात, आणि प्रमुख मेला की तो त्याच्याबरोबर पुरायचा. त्यानंतर कोणीही, बाईमाणसानेसुद्धा, "मागे बघा" म्हटलं की प्रमुखाने बोलणं थांबवून मागे बघायचं.

चष्मेवाल्यांचा कागद वाचला गेला तेव्हा थोरली बारा वर्षांची होती. वाचला तिच्या आजीने, म्हणजे त्यांच्या सासूने. लिहिलं होतं, "सासूबाईंची नजर अधू होत होती. मला वाटलं, नंबर बदलला की झालं; मला माझ्या कामाचा गर्व होता. चार महिने मी भिंगं बदलत राहिलो आणि त्यांना डॉक्टरकडे पाठवलं नाही. तो काचबिंदू होता. त्यांचा उजवा डोळा माझ्यामुळे गेला." आजीने चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "डावाही फारसा कामाचा नाही, पण वाचून झालं एकदाचं." लोक हसले. चष्मेवाले हसले नाहीत.

त्यानंतर "मला माहीत नाही" हे त्यांच्या तोंडचं नेहमीचं वाक्य झालं. गिऱ्हाइकाला म्हणत, भांडणं घेऊन येणाऱ्यांना म्हणत. मला माहीत नाही, थांबा, विचारू या.

आणि "मागे बघा" सगळ्यात जास्त वेळा कोणी म्हटलं असेल तर मामांनी. आई त्यांची, डोळा त्यांच्या आईचा, हक्कच होता. प्रार्थनेला पाच मिनिटं उशीर झाला, मागे बघा. छपराच्या पत्र्यावरून मतभेद, मागे बघा. चष्मेवाले दर वेळी वळत, डब्याकडे बघत, आणि मग आवाज एक पट्टी खाली आणून बोलत.

"तुम्हाला राग नाही येत?" थोरलीने एकदा विचारलं होतं.

"येतो की. पण वळेपर्यंत उतरतो. डबा पाठीमागे टांगलाय तो तेवढ्यासाठीच. पुढे असता तर मी तोच उचलून तुझ्या मामाला हाणला असता."

*

सुतक संपलं, धाकटा त्याच्या शहरात नोकरीवर परत गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात मामा आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आई आरशांवरच्या चादरींच्या घड्या घालत होती.

"हे बघा दोघी," ते म्हणाले आणि कागद सोडला. पॉलिश केलेली सुरेख फळी होती, त्यावर कोरलेली अक्षरं. मामांच्या हातात कला होती, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. वडिलांचं नाव आणि खाली, "निष्कलंक सेवेची बावीस वर्षं."

"खिळा तोच वापरू," मामा म्हणाले. "भिंतीला नवीन भोक नको."

"त्या खिळ्याला डबा आहे," थोरली म्हणाली.

"तो काढायचाच की आता. तुझ्या वडिलांचा कागद त्यांच्याबरोबर मातीत गेला, संपलं. गंजका पत्रा तो. बाहेरचे पाहुणे येतात, विचारतात, काय सांगायचं?"

"आता तुमचा कागद येईल त्यात."

मामा हसले. "माझं तसं काही नाही गं. तू म्हणशील फुशारकी मारतोय. पण मी खरंच आठवून बघितलं. दोन रात्री बसलो आठवत. मग म्हटलं, आपल्याला आठवत नसेल, लोकांना तर आठवेल. त्यांनाही विचारलं त्या दिवशी. कोणाची काही तक्रार नाही."

"कोणत्या दिवशी?"

मामांनी फळीवरची नसलेली धूळ पुसली. "हे बघ, ते मनाला लावून घेऊ नकोस. समाजाचं काम होतं."

"वडिलांना कलंक होता, मामा. त्यांनी तो स्वतःच्या हाताने लिहिला होता."

"झालं गेलं. मी माफ केलं त्यांना. माणूस गेल्यावर कशाला उगाळायचं?"

"बावीस वर्षं तुम्हीच उगाळत होतात."

"बघ, कशी बोलते," मामा आईकडे वळले. "मी त्यांचं नाव भिंतीवर लावतोय आणि ही..."

आईने चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे तिने ऐकलं होतं. मेलेल्याचा दोष चोरणारा ती पहिल्यांदाच बघत होती. बापाने आयुष्यात एक गोष्ट सगळ्यांत कठीण केली होती, ती म्हणजे तो कागद. तेवढी पुसून हा माणूस त्याला देव्हाऱ्यात बसवायला निघाला होता. एकदा प्रमुख निष्कलंक असू शकतो असं ठरलं, की पुढच्यालाही डब्याची गरज नाही. फळी वडिलांच्या नावाची होती आणि सोय मामांची.

दारात पोचल्यावर मामा वळले. "आणि अगं, माझा वाचायचा चष्मा त्यांच्याकडे टाकला होता. झालाय का बघशील? भाषण वाचायचंय सभेत."

तिने त्या संध्याकाळी ड्रॉवर उघडला. कामाची पाकिटं तारखेप्रमाणे लावलेली होती, सगळ्यांत शेवटचं मामांचं. फ्रेम, भिंगांचे नंबर, आणि खाली वडिलांचं बारीक अक्षर: "डाव्या डोळ्याची कडेची नजर कमी वाटते. आईसारखा काचबिंदू? मला माहीत नाही. लगेच डॉक्टरांकडे पाठवणे." 'लगेच'खाली दोन रेघा.

तिने ते वाचलं. मनात म्हणाली, कडेचं दिसत नाही तर नाही. तिसऱ्या संध्याकाळी समोरचं तरी कुठे दिसलं? आणि पाकीट ड्रॉवरच्या तळाला सारून वर इतर पाकिटं ठेवली.

*

सभा रविवारी सकाळी दहाला होती. नऊला मास्तर दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची दांडी लोंबत होती.

"घट्ट करून दे. आज मला सगळ्यांची तोंडं नीट बघायचीत."

थोरलीने बारीक स्क्रू शोधायला ट्रे ओढला. "तुम्ही बोलणार आहात?"

"मी बोललो तर बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातं. म्हणून मला बोलू देत नाहीत." ते गिऱ्हाइकाच्या उंच स्टुलावर चढून बसले. "तुला झाडांची गोष्ट आठवते का? झाडांना राजा हवा होता. जैतून म्हणालं, मला तेल द्यायचंय. अंजीर म्हणालं, मला फळं धरायचीत. द्राक्षवेलीलाही वेळ नव्हता. शेवटी काटेरी झुडपाकडे गेले. ते लगेच हो म्हणालं. म्हणालं, या, माझ्या सावलीत बसा."

"काटेरी झुडपाला सावली कुठे असते?"

"तीच तर गोष्ट आहे. तू लहानपणीही हेच विचारलं होतंस." ते स्टुलावर सावरून बसले. "पण तुझा मामा अगदीच झुडूप नाही हं. झाड आहे. मागे बघायला कोणी लावलं नाही म्हणून वाढलंय वेडंवाकडं. तुझ्या बापाचं काय होतं? तोही गर्विष्ठच. तरुणपणी कोणाला बोलू द्यायचा नाही. त्याला माणसात आणलं ते त्या डब्याने. म्हातारीचा डोळा गेला, आणि हा जन्मभर जो भेटेल त्याला आधी डॉक्टरकडे पाठवत बसला. पाठवायचा की नाही?"

स्क्रू तिच्या चिमट्यातून निसटून ट्रेमध्ये पडला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. तिने स्क्रू उचलला, बसवला, दांडी दोनदा उघडझाप करून पाहिली. मग ड्रॉवर उघडून तळापासून पाकीट काढलं. तेरा दिवस. वडिलांना ठाऊक नव्हतं म्हणून त्यांनी चार महिने लावले होते. तिला ठाऊक होतं.

मामांची भिंगं फ्रेमला बसवायचीच राहिली होती. तिने उभ्या उभ्या कडा घासल्या, भिंगं बसवली, पुसली. राग इतका होता की हात उलट स्थिर झाले होते.

*

प्रार्थनाघरात पुरुष पुढच्या बाकांवर आणि बायका मागे. फळी भिंतीवर लागली होती, चमकत होती. डबा खाली कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी.

मामा प्रमुखाच्या खुर्चीसमोर उभे राहून भाषण वाचत होते. कागद हातभर लांब धरलेला. "...त्यांच्या निष्कलंक पावलावर पाऊल ठेवून... आणि आपण सर्वांनी एकमताने..."

थोरली मागच्या बाकावरून उठली आणि मधल्या वाटेने पुढे गेली. 

"मामा, तुमचा चष्मा."

लोक हसले. मामाही हसले. "बघा, आली की नाही भाची वेळेवर." त्यांनी चष्मा लावला.

"आणखी एक," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मास्तरांनासुद्धा ऐकू गेला. "वडिलांनी पाकिटावर लिहून ठेवलंय. तुमच्या डाव्या डोळ्यात आजीसारखा काचबिंदू असेल अशी त्यांना शंका होती. लगेच डॉक्टरांकडे जा असं लिहिलंय. मी ते तेरा दिवसांपूर्वी वाचलं. तुमच्यावर राग होता, म्हणून सांगितलं नाही. हा माझा गुन्हा. सगळ्यांसमोर सांगते, हवं तर आयुष्यभर मला ऐकवा."

मामांचा हात आपोआप डाव्या डोळ्याकडे गेला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली आणि थांबली.

तिने कोपऱ्यातला डबा उचलला, त्यावरचा केर ओढणीने पुसला आणि टेबलावर ठेवला. शेजारी कोरा कागद आणि पेन.

"आता तुमचं."

"माझं काय?"

"तिसऱ्या संध्याकाळी आमच्या घरी किती जण होते?"

मामांनी सतरा जणांकडे पाहिलं. सतरा जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

"नऊ," बेकरीवाला म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "मी दहावा होतो. मी बसून राहिलो."

"ती समाजाची निकड होती," मामा म्हणाले. "समाजाला विचारूनच..."

"कुठल्या समाजाला?" मास्तर गरजले. "ग्रंथात काय लिहिलंय? देवाने स्वतःचा मंडप बांधायला एक कारागीर नेमला, तर तोसुद्धा आधी लोकांना विचारून, पसंत आहे का म्हणून. त्याला काय गरज होती विचारायची? तरी विचारलं. तुम्ही प्लास्टिकच्या सोफ्यावर बसून सतरा जणांना विचारलंत. मला विचारलं? या मागच्या बायकांना विचारलं? आम्ही तेव्हा कुठे होतो? सुतकाच्या घरी होतो, जिथे तुम्ही असायला हवं होतं."

"म्हणजे मी नको आहे तुम्हाला," मामा म्हणाले. चेहरा लाल झाला होता. "सरळ सांगा ना तसं."

"तसं मी म्हटलं नाही," थोरली म्हणाली. "छपराचं काम तुम्हाला कळतं. लोक तुमचं ऐकतात. भांडायला तुम्ही घाबरत नाही. हात वर करा म्हटलं तर मीसुद्धा करीन. पण बिनडब्याचा प्रमुख आम्हाला नको."

कोणीतरी मागून "बरोबर आहे" म्हणालं. मग आणखी कोणीतरी. मामांनी त्या दिशेला मान वळवली; डावीकडचा माणूस शोधायला त्यांना मान जरा जास्तच वळवावी लागली, आणि थोरलीने ते पाहिलं.

ते खुर्चीत बसले. पेन उचललं. मग दोन ओळी भराभर लिहून कागद तिच्याकडे सरकवला.

तिने वाचलं: "दुःखाच्या प्रसंगी माझ्याकडून नकळत काही उणीव राहिली असल्यास..."

"'असल्यास' खोडा," ती म्हणाली. "आणि 'नकळत'. मी दारात येऊन सांगितलं होतं."

"किती छळशील?"

"वडिलांनी त्यांच्या कागदात 'असल्यास' लिहिलं असतं, तर तुम्ही चालवून घेतलं असतं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. नव्या भिंगांमागे डोळे मोठे दिसत होते, म्हातारे आणि बरेचसे आजीसारखे. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. या वेळी वेळ लागला.

"वाचणार कोण?" किल्ल्या सांभाळणाऱ्या रखवालदाराने विचारलं. "ज्याचं वाईट झालं त्याने वाचायचं. मुलगा तर परत गेला."

थोरलीने हात पुढे केला, पण त्याआधीच मागच्या बाकावर हालचाल झाली. आई येत होती. वाटेत बाकाच्या टोकांना हात लावत, एकेक पाऊल. तिने भावाच्या हातातून कागद घेतला. ती कधी सभेत बोलली नव्हती. बावीस वर्षांत नवऱ्याला तिने एकदाही "मागे बघा" म्हटलं नव्हतं, घरी नाही आणि इथेही नाही.

"'माझ्या बहिणीचा नवरा जाऊन तीन दिवस झाले होते,'" ती वाचू लागली. आवाज कोरडा होता. "'त्याच्यासाठी प्रार्थनेला एक माणूस कमी होता. माझ्याकडे सतरा होते. मला प्रमुख व्हायची घाई होती. भाची दारात आली तरी मी एकालाही उठू दिलं नाही. त्या संध्याकाळी त्याची कद्दिश झाली नाही.'"

तिने कागदाची घडी घातली, चादरीची घालायची तशी, कडेला कड जुळवून. डब्यात टाकला. रखवालदाराने फळी उतरवली आणि खिळ्याला डबा टांगला. फळी कुठे ठेवायची ते त्याला कळेना, शेवटी त्याने ती भिंतीकडे तोंड करून उभी केली.

हात वर झाले. थोरलीचाही झाला, तिने म्हटल्याप्रमाणे. तो वर नेताना तिला जड गेला. मामा उभे राहिले, घसा साफ केला, आणि माणूस सवयीचा गुलाम असतो, भाषणाचा कागद उचलून जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलं. खर्ज परत आला. "तर मंडळी, आपण सर्वांनी एकमताने माझ्यासारख्या..."

"दादा," आई म्हणाली. ती अजून तिथेच उभी होती. "मागे बघ."

मामा थांबले. मग ते वळले, डावीकडून वळले आणि डबा दिसेपर्यंत त्यांना पूर्ण फिरावं लागलं. ते पाठमोरे कितीतरी वेळ उभे होते. परत फिरले तेव्हा भाषणाचा कागद त्यांनी खिशात घातला होता.

"छपराचं काम कधी सुरू करायचं," ते म्हणाले, "ते सगळ्यांना विचारून ठरवू."

बाहेर पडताना बेकरीवाल्याने थोरलीला गाठलं. "ताई, वर्षभर रोज संध्याकाळी मी त्यांच्यासाठी प्रार्थनेला येईन. एकही दिवस चुकवणार नाही."

"या," ती म्हणाली. "ती संध्याकाळ भरून निघणार नाही, पण या."

तो मान हलवत गेला. आपण त्याला माफ केलं म्हणायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तिने म्हटलं नाही. सगळं झालं होतं, डबा खिळ्यावर होता, कागद डब्यात होता, आणि राग जिथे होता तिथेच होता. तो कोणाच्या सोयीने जाणार नव्हता.

दुकानात येऊन तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना घरी फोन लावला. त्यांनी विचारलं, परवा चालेल का.

"नाही," ती म्हणाली. "उद्या. सकाळची पहिली वेळ द्या. मी स्वतः घेऊन येते त्यांना."